कोऱ्या कापडातली खळ

"हे अ‍ॅटॉपिक डर्माटायटिस आहे," भिवंडीतले त्वचारोगाचे डॉक्टर म्हणाले. माझ्या मांडीवर सात महिन्यांची चैताली होती. तिचे दोन्ही गाल लालबुंद, कोपरांच्या आणि गुडघ्यांच्या घड्यांमध्ये ओल सुटलेली.

मी विचारलं, "म्हणजे खरूज का?"

"खरूज नाही. एक्झिमा. हिच्या कातडीला ओलावा धरून ठेवता येत नाही. विटा आहेत, पण मधलं सिमेंट कमी पडलंय असं समजा. आतलं पाणी उडून जातं आणि बाहेरचं नको ते आत शिरतं. कुणाकडून लागलेला नाही, कुणाला लागणारही नाही."

"किती दिवसांत बरं होईल?"

"बरं होईल असं मी सांगणार नाही. हे सांभाळायचं असतं. बरीच मुलं मोठी होता होता यातून सुटतात. काही सुटत नाहीत."

मला त्या माणसाचा रागच आला. आजवर एकही डॉक्टर मला "बरं होणार नाही" असं तोंडावर म्हणाला नव्हता. आज वाटतं, तेवढाच एक जण पहिल्या दिवशी खरं बोलला होता. पण तेव्हा मी त्याचं निम्मंच ऐकलं, आणि ते निम्मं माझ्या लेकीला फार महागात पडलं. घरात असंच अंग खाजवणारं बाळ असेल, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. माझी चूक तुम्ही करू नये एवढाच हेतू.

मी मूळची कल्याणची. लग्न करून भिवंडीजवळच्या पूर्णा गावात आले. तेव्हा गावात गोदामं उभी राहायला नुकती सुरुवात झाली होती. आमच्या घरामागे पत्र्याची शेड होती, तिच्यात आठ लूम, कापड विणायचे यंत्रमाग. घरात मी, चैतालीचे बाबा आणि सासूबाई. सासूबाई गावच्या आगरी, नऊवारी सुती लुगडं नेसणाऱ्या, बोलायला फटकळ. मी बारावी पास. त्यामुळे घरात शहाणं कोण हा प्रश्न लग्नानंतर महिन्याभरातच निघाला होता आणि माझ्यापुरता मी तो सोडवूनही टाकला होता.

चैताली तीन महिन्यांची असताना गालावर पहिला खरखरीत डाग उठला. बेसन, मलई, लिंबू, जो जे सांगेल ते लावलं. लिंबाने ती जी किंचाळली, ते अजून माझ्या कानात आहे. शेडमधले कारागीर रहमतभाई म्हणाले, "भाभी, सरसों का तेल लगाओ, हमारे यहाँ सब बच्चों को लगाते हैं." तेही लावलं, आणि पाठ पुरळाने भरून गेली. त्यांच्या गावाकडच्या धडधाकट पोरांना ते तेल चालत असेल. हिच्या फाटक्या कातडीला ते झोंबलं.

मग सासूबाईंनी कडुनिंबाचा पाला हळदीबरोबर वाटला आणि मी भाजी आणायला गेले असताना तिच्या अंगभर चोपडला. मी परत आले तर पोर रडून रडून निळी पडलेली. तळपायाची आग मस्तकात गेली. मी ते वाटण खरवडून गटारात फेकलं आणि सासूबाईंना म्हणाले, "आजपासून हिच्या अंगाला तुम्ही काहीही लावायचं नाही. मला विचारायचं. मला!"

त्या लुगड्याच्या पदराने हात पुसत आत गेल्या. त्यांची चूक होती, हे मी आजही म्हणते. पण एकदा चुकलेलं माणूस दर वेळी चुकतंच असं मी ठरवून टाकलं, ती चूक माझी.

डॉक्टरांकडे गेलो ते यानंतर. त्यांनी चिठ्ठीवर सगळं लिहून दिलं होतं. आंघोळ कोमट पाण्याची, दहा मिनिटांच्या आत. साबण नको. अंग पुसायचं नाही, नुसतं टिपायचं, आणि ते ओलसर आहे तोवरच, तीन मिनिटांच्या आत इमोलियंट लावायचं. इमोलियंट म्हणजे कातडीवर बसून आतला ओलावा कोंडून धरणारं काहीतरी स्निग्ध. "साधं खोबरेल चालेल, पण वासाचं, कापूर घातलेलं नको." लाल झालेल्या जागी सात दिवस एक मलम. आणि शेवटी दोन गोष्टी तोंडी सांगितल्या: "कपडे फक्त सुती. आणि धुण्याची पावडर कपड्यात राहता कामा नये, ती हिला टोचेल."

सुती! भिवंडीत, लूमवाल्यांच्या घरात कुणी हे सांगावं! रिक्षात बसल्या बसल्या मी ह्यांना म्हणाले, "एवढं तरी आपल्याला बाहेर शोधायला लागणार नाही."

आमच्या शेडमध्ये त्या वेळी सुती माल चालू होता. धागा तुटला, डाग पडला, की तेवढा तुकडा ताग्यातून कापून बाजूला टाकतात. असे डागी तुकडे कोपऱ्यात ढिगाने पडलेले असायचे. मी विचार केला तो असा: पावडर वाईट, म्हणजे धुणं वाईट. मग जे कापड कधी धुतलंच नाही, ज्याला पावडर शिवलीच नाही, त्याच्याइतकं स्वच्छ काय असणार? लूमवरून उतरलेलं कोरं करकरीत. आणि कमतरता तरी कशाची होती? रोज नवा तुकडा. रहमतभाई सकाळी एक मोठासा तुकडा ओट्यावर ठेवायचे, मी त्याला नाड्या लावून चैतालीला गुंडाळायची. मळलेला तुकडा मशीन पुसायला शेडमध्ये परत. धुण्याची भानगडच नाही. मला माझ्या अकलेचं फार कौतुक वाटत होतं.

पहिल्याच दिवशी सासूबाईंनी पाहिलं.

"कोरा कापर पोरीच्या आंगाला लावाचा नाय गो," त्या म्हणाल्या. "पयला उकलत्या पान्यान टाकाचा. त्यान खल रते. माजा जुना लुगरा घे, तो बग कसा मऊ हाय."

खळ म्हणजे धाग्याला लावलेली पेज. ताणा, म्हणजे उभे धागे, लूमवर चढवण्याआधी सायझिंगच्या कारखान्यात खळीतून काढतात, म्हणजे धागा कडक होतो आणि तुटत नाही. तिच्यात नुसती पेज नसते, डिंक असतो, चरबी असते, खळ आंबू नये म्हणून घातलेली औषधं असतात. हे सगळं मी नंतर शिकले. तेव्हा आठ लूमच्या मालकिणीला खळ म्हणजे काय हे धड ठाऊक नव्हतं आणि विचारायची लाज वाटत होती.

"डॉक्टरांनी सांगितलंय धुतलेलं नको," मी म्हणाले. डॉक्टरांनी असं काहीच सांगितलं नव्हतं. "आणि तुमचं वीस वर्षांचं लुगडं बाळाला? चिंधीच ती."

त्या गेल्या. लुगड्याला चिंधी म्हटलेलं त्यांना लागलं होतं, हे मला दिसलं. दिसूनही मी नाड्या लावत बसले.

आठवड्याभरात गाल जरा निवळले, कारण गालांना कापड लागत नव्हतं. पाठ, मांड्या, काखा मात्र चिघळतच गेल्या. मी मलम बंद केलं. लागू पडत नाही तर कशाला लावा? शिवाय शेजारीण म्हणाली होती की त्यात स्टेरॉइड असतं, पोरगी काळी पडेल. खोबरेल लावत होते, पण त्यावर लगेच कोरा तुकडा. तेल कापडच पिऊन टाकायचं आणि कापड अंगाला घासत राहायचं. पोर जास्त तळमळायला लागली की मी तुकडा आणखी घट्ट गुंडाळायची. खाजवू नये म्हणून.

तिसऱ्या आठवड्यात पाठीवर पिवळट, मधासारख्या खपल्या धरल्या. मला वाटलं, खपली धरली म्हणजे जखम भरत आली. दोन दिवसांनी तिला ताप भरला. तिसऱ्या दिवशी तिने दूध सोडलं आणि रडणंही सोडलं. इतके महिने जिच्या रडण्याला मी कंटाळले होते, ती गप्प झाली तेव्हा मी तिला उचललं आणि रिक्षा गाठली. भिवंडीच्या डॉक्टरांनी तिला पाहिलं आणि म्हणाले, "इथे थांबू नका. ठाण्याला न्या. आत्ता."

ठाण्याच्या त्या इस्पितळाचं नाव लिहीत नाही. मुलांचा वॉर्ड दुसऱ्या मजल्यावर होता. दारातच एका नर्सने चैतालीला माझ्याकडून घेतलं आणि नाड्या सोडल्या. कापड निघेना. पाठीला चिकटलं होतं. सलाइनच्या पाण्याने भिजवत, इंच इंच करत त्यांनी ते सोडवलं. अर्धा तास लागला. मला बाहेर जायला सांगत होते, मी गेले नाही. कापडाबरोबर काय काय निघालं ते मी लिहिणार नाही. ज्यांनी पाहिलंय त्यांना माहीत आहे.

सेप्सिस हा शब्द मी तिथे पहिल्यांदा ऐकला. उघड्या कातडीतून जंतू आत गेले आणि रक्तात उतरले, असा त्याचा अर्थ. रक्ताचं कल्चर पाठवलं, पाठीवरच्या पुवाचा स्वॅब पाठवला. कल्चर म्हणजे ते जंतू वाढवून कोणते आहेत ते पाहणं. अहवालाला दोन-तीन दिवस लागतात. तोवर अंदाजाने औषध.

हाताला सुई लावायला कोरी जागा सापडेना, सगळीकडे चट्टे. शेवटी डोक्याचे केस भादरून कपाळाच्या वरच्या शिरेत सुई लावली. जावळ करायचं राहिलं होतं, ते असं झालं. खाजवू नये म्हणून दोन्ही हात बँडेजच्या पट्ट्यांनी कॉटच्या गजांना बांधले. आठ महिन्यांचं मूल दोन्ही हात पसरून पडलेलं. तिची बोटं मात्र हवेत खाजवत राहायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डच्या निवासी डॉक्टर आल्या. पंचविशी-तिशीच्या, डोळे जागरणाने सुजलेले. मला समोर बसवून त्यांनी विचारायला सुरुवात केली. हिच्या अंगाला काय काय लागतं, एकेक सांगा. पाणी कुठलं? तेल कुठलं? पांघरूण? घरात धूळ? मी सगळं सांगितलं. मग म्हणाल्या, "कपडे?"

"फक्त सुती," मी म्हणाले. "घरच्या लूमचं. एकदम कोरं. पावडर लागू नये म्हणून धुतच नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या पिशवीत न वापरलेले दोन तुकडे होते. त्यातला एक मागून घेतला, चिमटीत धरून दोन बोटांमध्ये चोळला. मग त्यावर पाण्याचे दोन थेंब टाकले. थेंब तसेच उभे राहिले, आत मुरेनात.

"या माझ्याबरोबर," त्या म्हणाल्या.

बेसिनजवळ त्यांनी स्टीलच्या ट्रेमध्ये गरम पाणी घेतलं, तुकडा त्यात बुडवून चार वेळा पिळला. पाणी भाताच्या पेजेसारखं पांढरं झालं. "बोट घाला," त्या म्हणाल्या. मी घातलं. बुळबुळीत लागलं, आणि आंबूस वास आला. तो वास रोज चैतालीच्या अंगाला यायचा. मला तो नव्या कापडाचा वास वाटायचा.

मी तिथेच बेसिनला धरून उभी राहिले.

त्या बाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "ऐका. आजार तुमच्यामुळे झालेला नाही, तो ती घेऊनच जन्मली. पण या कापडाने कातडी रोज घासली गेली, ती फुटली, आणि जंतूंना वाट मिळाली. आता हे कुणाला सांगत रडत बसू नका. मला मऊ, जुनं, दहा वर्षं धुतलेलं सुती कापड हवंय. मिळेल?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा. मिळणार होतं, पण मागायचं कुणाकडे? जिच्या लुगड्याला मी चिंधी म्हटलं, तिच्याकडे. मी वॉर्डच्या खालच्या फोनवरून शेजारच्या घरी फोन लावला आणि ह्यांच्यामार्फत निरोप दिला. स्वतः बोलायची हिंमत झाली नाही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळच्या राउंडला मोठे डॉक्टर आले. कल्चरमध्ये स्टॅफिलोकॉकस निघाला होता. कातडीवर नेहमीच राहणारा हा जंतू, आत गेला की जीव घेतो. ताप उतरत नव्हता. लघवी कमी झाली होती. ते ह्यांना म्हणाले, "औषध बदललंय. पुढचे दोन दिवस काही सांगता येत नाही." माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

त्या दोन दिवसांचं काय सांगू? मी देवाला काही बोलले नाही. मला तोंडच नव्हतं. कॉटच्या कडेला बसून मी मनातल्या मनात कोरे तुकडे मोजत राहायची. एकवीस की बावीस? एखाद्या तरी दिवशी मी चुकून धुतलेलं गुंडाळलं होतं का? नव्हतं.

चौथ्या दिवशी सासूबाई आल्या. पूर्ण्याहून ठाण्यापर्यंत एकट्या, बसने. हातात बोचकं. आत त्यांची लुगडी, चौकोनी तुकडे केलेली, उकळून, उन्हात वाळवून, स्वच्छ पंच्यात बांधलेली. त्यांच्याकडे रोजची सहा लुगडी होती. चार कापून आणली होती. एक अंगावर होतं.

त्यांनी नातीचे बांधलेले हात पाहिले, भादरलेलं डोकं पाहिलं आणि खाली जमिनीवर बसल्या. मी वाट बघत होते, की आता म्हणतील, मी सांगितलं होतं. माझी ऐकायची तयारी होती. त्या म्हणाल्या, "मी निंब लावला, तू कोरा लावलास. दोगींनी मिलून पोरीला जालली."

मग आम्ही दोघी रडलो. पहिल्यांदाच एकत्र. नर्सने येऊन दटावेपर्यंत रडलो.

पाचव्या दिवशी दुपारी चैतालीला लघवी झाली. नर्सने हाक मारून सांगितलं, तेव्हा एवढ्या गोष्टीसाठी मी तिच्या पाया पडले. सहाव्या दिवशी ताप उतरला. सातव्या दिवशी ती रडली. भुकेने, नेहमीसारखं, भोकाड पसरून. तो आवाज ऐकून सासूबाई म्हणाल्या, "आली गो माजी बाय."

जखमा सुकल्यावर डॉक्टरबाईंनी आम्हाला वेट रॅप शिकवला. कोमट पाण्याची आंघोळ, ओल्या अंगावर जाडसर थर मलमाचा आणि इमोलियंटचा, त्यावर कोमट पाण्यात भिजवून पिळलेलं मऊ कापड, त्याच्यावर एक कोरडं. ओल्या कापडाने आग शांत होते आणि लावलेलं आत मुरतं. जखमेत पू असेल तेव्हा मात्र हे करायचं नाही. लुगड्याचा तुकडा हातात घेऊन त्या म्हणाल्या, "हे विकत मिळत नाही." मलम अर्ध्यात सोडलं म्हणून मात्र चांगल्या ओरडल्या. स्टेरॉइडला घाबरू नका, मनाने लावायला आणि मनाने सोडायला घाबरा, हे त्यांचं वाक्य मी देवघराच्या भिंतीवर लिहून ठेवलं होतं.

अकराव्या दिवशी घरी आलो. रहमतभाई ओट्यावर उभे होते. त्यांना सगळं कळलं होतं. खाली मान घालून म्हणाले, "भाभी, उसमें माँडी होती है. मैं तो समझा, आप धो के पहनाती होंगी." माँडी म्हणजे खळच. सगळ्या शेडला ठाऊक होतं, फक्त बारावी पास बाईला नव्हतं.

इथून पुढे आठ वर्षं जे केलं, ते घरगुतीच होतं, आणि तुमच्या उपयोगाचं तेवढंच सांगते.

खोबरेल आम्ही घरी काढायला लागलो. सासूबाई नारळ खवून त्याचं दूध काढायच्या आणि मंद आचेवर आटवत बसायच्या, चोथा तांबूस होऊन तेल वर येईपर्यंत. मग गाळून काचेच्या बाटलीत. आंघोळ झाली की टिपायचं आणि लगेच तेल, तीन मिनिटांच्या आत. हे तीन मिनिटांचं मी थट्टेवारी नेलं होतं. नेऊ नका. कोरड्या अंगावर वाटीभर तेल ओतलं तरी फुकट जातं. थंडीत नुसतं तेल पुरत नाही, त्यावर साधी पेट्रोलियम जेली लागते. शंभर वेळा पाण्याने धुतलेलं तूप कुणी सांगितलं म्हणून तेही घोटलं, हात मोडून आले. पण डॉक्टर म्हणाले, फुटलेल्या कातडीवर खाण्याच्या वस्तू चोळू नका, उद्या तीच वस्तू पोटाला चालेनाशी होऊ शकते. ते तूप मग माझ्या टाचांना लागलं. नैसर्गिक म्हणून सगळं सौम्य असतं, हा समज काढून टाका. लिंबू नैसर्गिक आहे, निंबही नैसर्गिक आहे, आणि आमची खळही बरीचशी पेजच होती. नवं काहीही आधी मनगटाजवळ, चण्याएवढ्या जागी, दोन दिवस लावून बघा.

एवढं करून ती बरी झाली का? नाही. लोडशेडिंगच्या उन्हाळ्यात पंखा बंद झाला की घामाने पेटायची. डिसेंबरात गुडघ्यांमागची कातडी फाटायची, चादरीवर रक्ताचे ठिपके पडायचे. शेडमध्ये उडणारी तूस, सुताचा भुगा, लागू नये म्हणून आम्ही पुढच्या खोलीत राहायला आलो. शाळेत पोरींनी तिचं नाव "खवली" ठेवलं, तिच्याबरोबर डबा खाईनात. मी डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन जाऊन वर्गात वाचून दाखवली. बाईंनी बाकावर जागा दिली, पण डबा तिने एकटीनेच खाल्ला, बरीच वर्षं. पाठीवर डाव्या बाजूला तळहाताएवढा पांढरट व्रण आहे. त्याच्यावरून हात फिरवताना तिला काहीच कळत नाही. मला कळतं.

चैताली आठ वर्षांची असताना सासूबाईंची किडनी निकामी होत गेली. त्या आजारात अंगाला भयंकर खाज सुटते, हे मला माहीत नव्हतं. युरिमिक प्रुरायटस म्हणतात. रक्तात साठलेल्या विषाची खाज, ती वरून काही लावून थांबत नाही. त्या खाटेवर पडून नखांनी दंड ओरबाडायच्या. डॉक्टर म्हणाले, निदान कातडी ओलसर ठेवा.

ते काम चैतालीने कुणी न सांगता घेतलं. शाळेतून आली की कोमट पाण्यात लुगड्याचा तुकडा पिळून आजीचे हात टिपायची आणि वर तेल लावायची. म्हणायची, "आजी, थापटायचं, खाजवायचं नाही." आठ वर्षं मी तिला जे सांगत आले, तेच ती आजीला सांगायची. सासूबाई म्हणायच्या, "व्हय गो माजे डॉक्टरनी." आणि तिचं लक्ष नाही असं पाहून खाजवायच्या. शेवटच्या दिवसांत ताकद उरली नाही, तेव्हा नुसती बोटं हवेत हलायची. ती बोटं मी आधी पाहिली होती. मी उठून बाहेर जायची.

सासूबाई एका सकाळी गेल्या. गाव जमला. बायकांनी त्यांना न्हाऊ घातलं. कापड घरचंच होतं. शेडमधून रहमतभाईंनी पांढरा तागा आणून दिला, लूमवरून नुकता उतरलेला. मढ्याला कोरंच लागतं, धुतलेलं चालत नाही, अशी रीत आहे. मी तागा उलगडला आणि तो आंबूस वास नाकात गेला. मी तो तसाच पसरत राहिले. एवढ्या बायकांत काय बोलणार?

चैताली माझ्या बाजूला येऊन बसली. तिने कापडाचं टोक चिमटीत धरलं आणि दोन बोटांमध्ये चोळलं. मग सगळ्यांसमोर म्हणाली, "आई, हे धुतलं नाय अजून. आजीला टोचंल."

चुलतसासूबाई म्हणाल्या, "आता तिला काय टोचनार गो. कोराच लागतं."

खरं होतं त्यांचं. ज्यांना कधीच काही टोचलेलं नाही त्यांना ते पटेलही. मी उठले आणि फळीवरून सासूबाईंचं शेवटचं जुनं लुगडं काढलं, सहांतलं उरलेलं, धुऊन धुऊन काठाचा रंग गेलेलं. बायका बघत राहिल्या.

"वरून कोरं घाला," मी म्हणाले. "आतून हे."

कुणी आडवं आलं नाही. मी आणि चैतालीने मिळून आधी त्यांच्या हातापायांना तेल लावलं, मग लुगडं गुंडाळलं, सुरकुती राहू न देता, आणि त्यावर कोरं कापड. दोरी बांधायच्या आधी चैतालीने कडेने हात आत घालून पाहिला, अंगाला लुगडंच लागतंय ना. मग ती बाजूला झाली.